‘काढलाय’ म्हणाले होते भावोजी

ताईचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, “कोणी सांगितलं?” पलीकडून ती म्हणाली, “अरे, मी त्यांच्या समोरच बसल्येय.” भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत डोळे मिटून बसले ते बसलेच. बातमीत शंकेला जागा नव्हती, तरी रत्नागिरीहून गुहागरला जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दाराशी आलेल्या पोस्टमनलाही “कोण? कुठले? यापूर्वी कधी पाहिलं नाही” असं विचारणाऱ्या या माणसाने यमाला एकही प्रश्न न विचारता घरात घेतलं, हे मला पटेना. आता महिना उलटून गेलाय, तरी पटत नाही.

भावोजींची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. तिथे पासाशिवाय आत जाता येत नाही, आणि भावोजींच्या मते जगाचा कारभार तसाच चालायला हवा होता. निवृत्तीनंतर त्यांनी गुहागरला माडांच्या आगरात घर बांधलं आणि त्यातली मागची खोली एका डेस्कटॉप कॉम्प्युटरला देऊन टाकली. खोलीला कुलूप, आणि किल्ली भावोजींच्या कमरेच्या करगोट्याला. कॉम्प्युटरला इंटरनेट कधीच जोडलं नाही. “ज्या वाटेने मी बाहेर जाणार, त्याच वाटेने चोर आत येणार,” हे त्यांचं कायमचं उत्तर. त्या डब्याच्या पुढच्या बाजूला वर डिस्कचा ट्रे आणि खाली कॅमेऱ्याची कार्डं घालायच्या चार खाचा होत्या. समुद्राची खारी हवा आणि पालीची अंडी यांचा भरवसा नसल्यामुळे वापर नसेल तेव्हा त्या खाचांवर चिकटपट्टी लावलेली असे. ट्रे पावसाळ्यात दमट होऊन अडकायचा, म्हणून एक क्लिप सरळ करून बाजूलाच चिकटवून ठेवली होती. ट्रेखालच्या बारीक भोकात ती खुपसली की तो कुरकुरत बाहेर यायचा.

आम्हां नातेवाइकांचे सगळे फोटो याच खोलीत जमा व्हायचे. कोणाचं लग्न असो, बारसं असो, गणपती असो, कॅमेऱ्यातलं कार्ड भावोजींकडे पोहोचवायचं, ते त्याची डिस्क करून ठेवणार, हा घरचा रिवाजच पडला होता. मोबाइलवर आणि त्यातल्या ढगात ठेवलेल्या गोष्टींवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्यावरही नव्हता. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो तर म्हणायचे, “माणूस ओटीवर, पेन ड्राइव्ह पायरीवर.” आत काय रोगराई आणली असेल कोण जाणे! कार्डाच्या कडेला एक नखाएवढी खटकी असते. ती खाली ओढली की कार्ड कुलूपबंद होतं, त्यातलं काही पुसता येत नाही, नवीन काही घालताही येत नाही. भावोजी कार्ड खाचेत घालण्याआधी ती खटकी ओढायचे, आणि कार्ड परत देताना तशीच ठेवायचे. मग घरी जाऊन कॅमेऱ्यात घातलं की फोटोच निघत नसत, आणि पाहुण्यांचे गुहागरला फोन जात. कॅमेरा बिघडवलात म्हणून एका चुलतभावाने त्यांना दुकानाचं बिलसुद्धा दाखवलं होतं. भावोजी म्हणाले, “कुलूप लावलेलं परत दिलं, याबद्दल आभार मानायचे असतात.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधे आईचा व्हिडिओ आला.

काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात आई ताईकडे राहायला गेली होती आणि मीही कॅमेरा घेऊन तिथे होतो. मागच्या पडवीत बसून ती फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होती. आमची आई कॅमेरा दिसला की पदर सारखा करून दगडासारखी बसायची, त्या दिवशी मात्र हात कामात असल्यामुळे असेल, ती बोलत राहिली. मी सहज खोडी काढली, जावई कसा आहे तुझा? आणि तिने मनात साठलेलं सगळं सांगितलं. जावई वाईट नाही, पण माझी लेक त्याच्या घरात पाहुण्यासारखी राहते, असं बरंच काही. भावोजी बाजारात गेले होते. ताई चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं.

नेहमीप्रमाणे कार्ड भावोजींकडे गेलं, आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी हाती मला परत मिळालं. समुद्रावरचे फोटो होते, देवळातले होते, आठळ्यांच्या टोपलीचासुद्धा होता. आईचा व्हिडिओ तेवढा नव्हता. आणि कडेची खटकी उघडी होती. ज्या माणसाने आयुष्यात एक कार्ड उघडं परत दिलं नाही, त्याच्या हातून आलेल्या माझ्या कार्डाचं कुलूप उघडं... म्हणजे चुकून पुसलं गेलं, असं म्हणायची सोयच नव्हती. कुलूप उघडून, नेमका तोच एक व्हिडिओ. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि व्हिडिओचं काय झालं ते विचारलं.

“काढलाय,” भावोजी म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्याच वर्षी श्रावणात आई गेली. कसलं दुखणं नव्हतं, काही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेच नाही. तो एकाच ठिकाणी होता, आणि तिथून भावोजींनी तो काढला होता. मी मनातून त्यांना कधी माफ केलं नाही, आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. जाणं-येणं चालू राहिलं, जेवणाच्या पंगती झाल्या, पण मी त्या घरात गेलो की माझी नजर मागच्या खोलीच्या कुलपावर आणि भावोजींची नजर माझ्या नजरेवर. एकदा ते अंघोळीला गेले असताना खोली उघडी दिसली. मी आत जाऊन माउसला नुसता हात लावला, पडदा उजळला, आणि घाबरून बाहेर आलो. जेवताना भावोजी आमटी भुरकत म्हणाले, “उंदीर झालेत घरात. माउस हलवतात.” ताईने वर पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं, तिला नवऱ्याची लाज वाटतेय.

तरीही, रागाच्या भरात सुद्धा सांगायला हवं, की हा माणूस आम्हांला धरून होता. आमच्यापैकी कोणाचे कॅमेरे पाण्यात पडले, कोणाचे मोबाइल चोरीला गेले, कोणाच्या घरात वाळवी लागून अल्बमचा भुगा झाला. प्रत्येक वेळी “गुहागरला असेल” म्हणून फोन जायचा आणि गुहागरला ते असायचंच. भावोजी चार शेलकी वाक्यं ऐकवायचे आणि डिस्क पाठवायचे. फक्त मला हवी होती ती गोष्ट त्यांनी दिली नाही... मी पुन्हा मागितलीही नाही. पुसलेल्या गोष्टीची मागणी काय करायची?

तेरावं झालं आणि भाची पुण्याला परत निघाली. जाताना ती म्हणाली की हल्लीच्या लॅपटॉपना डिस्कची खाचसुद्धा नसते, तेव्हा हा डबा भंगारात द्या आणि खोली मोकळी करा. भाची गेल्यावर मात्र करगोट्यातून सोडवलेली किल्ली ताईने माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “भंगारवाला यायच्या आधी एकदा बघ बाबा तू. तुला बघायचंच होतं ना इतकी वर्षं?” त्या बोलण्यात टोमणा होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. मला त्या घरात कोणाचंच काही सरळ वाटत नाही.

डिस्का पत्र्याच्या डब्यांत होत्या, बुरशी येऊ नये म्हणून प्रत्येक डब्यात सुक्या तांदळाची पुरचुंडी. प्रत्येक डिस्क कागदाच्या पाकिटात, पाकिटावर भावोजींचं अक्षर आणि वीजघरातल्या शेऱ्यासारखा शेरा. ‘वेळणेश्वर. सर्वांचे डोळे मिटलेले.’ ‘बारसं. पाळणा हलला आहे.’ ‘गणपती. मेहुण्याचा अंगठा पुढे आला आहे.’ आम्ही दोघं हसलो, त्या दिवसांत पहिल्यांदाच. पण मी पाकिटं बघत होतो ते हसण्यासाठी नाही. शेवटच्या डब्याच्या तळाशी, तांदळाच्या पुरचुंडीखाली, एक कोरं पाकीट सापडलं. या माणसाकडे काहीही न लिहिलेलं पाकीट! मी ते झडप घालून उचललं. क्लिप खुपसून ट्रे बाहेर काढला, डिस्क ठेवली, आत ढकलली. आधी खरखर झाली, मग डिस्क गरगरायला लागली आणि हिरवा दिवा लुकलुकला.

आणि पडवी आली. आठळ्या आल्या. आईचे हात आले.

“जावई वाईट नाय हो. पण माझी पोर त्याच्या घरात पावणीसारखी राहते. कपाट उघडलंन तरी विचारतो, का उघडलंस. अरे, बायकोवर भरवसा नाय, तर जगायचं कोणाच्या जिवावर? म्हातारपणी एकटा पडेल तो, सांगून ठेवते. बंद कर मेल्या ते आता.”

संपलं. मला आधी आनंद झाला, मग राग आला, मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ताई पदर तोंडाला लावून बसली होती. मी म्हटलं, बघ, होता त्यांच्याकडे. पुसला म्हणाले होते.

“पुसला म्हणाले होते का?” ताई म्हणाली.

“काढलाय म्हणाले.”

“मीच सांगितलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “आईचा तो व्हिडिओ काढा म्हटलं. गणपतीत सगळ्यांसमोर टीव्हीवर लावला असतास तू, त्यांची शोभा झाली असती. न बघता काढा, असंही सांगितलं. मला वाटलं, पुसलानी. आणि आई गेल्यावर तुला कुठल्या तोंडाने सांगू? त्यांच्यावर संशय घ्यायची सगळ्यांना सवयच होती. म्हटलं, त्यात एक आणखी.”

आपल्या भाषेचं हे असं आहे. काढ म्हटलं की पूस असाही अर्थ होतो आणि बाहेर घेऊन नीट ठेव असाही होतो. ताईने एक सांगितलं, आणि काही कायमचं पुसून टाकायला ज्याचा हात कधी वळला नाही अशा माणसाने दुसरं केलं. मला सांगायचं तर बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं. तिला सांगायचं तर आपण ते ऐकलं हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून आमच्या दोघांमधे ते गप्प राहिले. मी आजही म्हणतो, एक शब्द बोलायला काय हरकत होती? आई गेल्यावर एवढी वर्षं तिच्या आवाजावाचून काढली मी. हा राग माझा जाणार नाही.

“पण बघितला नसेल त्यांनी,” ताई म्हणाली. “न बघता काढा म्हटलं होतं मी. तेवढं तरी ऐकलं असेल माझं.”

मी ट्रे उघडून डिस्क कडेला धरून उचलली. उजेडात धरल्यावर दिसलं, मधल्या भोकाच्या भोवती बारीक, गोल अक्षरांत शेरा होता. ताईपुढे मी ते लपवू शकलो असतो. पण त्या खोलीत लपवालपवी पुष्कळ झाली होती. ती चष्मा घेऊन आली आणि डिस्क फिरवत फिरवत, बोट लावून तिने वाचलं. ‘आई. आठळ्या सोलताना. आवाज स्वच्छ.’

“ऐकलंनी,” ताई म्हणाली. “सगळं ऐकलंनी.”

तिने त्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग तिने डिस्क स्वतःच ट्रेवर ठेवली. त्या कॉम्प्युटरला तिने हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“परत लाव,” ती म्हणाली. “आणि आवाज मोठा ठेव.”