त्रेपन्न सलाम

१९७१ सालचा मे महिना, एकूण जमा त्रेपन्न सलाम, हजर मौलानासाहेब, त्यांच्या बीबी आणि दारात मी. आज माझा घसा बसला म्हणून बायकोने ज्येष्ठमधाची काडी दिली आणि त्या गोडसर वासाने तो हिशेब आठवला.

आमचे शेजारी मौलानासाहेब सलग सहा रात्री प्रवचन देऊन आवाज घालवून ज्येष्ठमधाची काडी चघळत बसले होते. शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, म्हणजे खुतबा, त्यांनाच द्यायचा होता. डॉक्टरांनी बजावलं, "चार दिवस तोंड बंद. कुजबुजायचंही नाही!" पण तब्येत विचारायला येणारा प्रत्येक जण सलाम करी आणि मौलाना खरखरत उत्तर देत. अशा वेळी हाताने खूण चालते, हे त्यांनीच लोकांना शिकवलेलं. पण चाळीस वर्षांची सवय, हाताआधी जीभ उठायची.

शेवटी बीबींनी मला दारात बसवलं. "भैया, सलाम बाहर ही रख लो." मी वही घेऊन बसलो.

टांगेवाले रहीमचाचा भडकले. "काहून गा, मौलानाले सलाम करणं बंद झालं काय?"

"बंद नाही, चाचा. माह्याजवळ जमा करा. शुक्रवारी जवाब भेटन."

"मंग पावती दे!"

दिली.

शुक्रवारी खुतबा खणखणीत झाला. घरी येताच मौलानांनी वही मागितली आणि एकेक नाव वाचत त्रेपन्न वेळा "वालेकुम अस्सलाम" म्हटलं. चोपन्नावा नमस्कार माझ्यासाठी होता. तोवर आवाज पुन्हा गेला होता, म्हणून तो मला हात जोडून मिळाला.