संध्याकाळी सातची जागा

सदाशिव पेठेतली माझी जागा एजंटबाईंनी मुद्दाम संध्याकाळी सातला दाखवली. उंच छताची एकच खोली आणि लोखंडी जिना चढलं की झोपायचा माळा. खाली क्लास नुकतेच सुटलेले, स्कूटरींचे हॉर्न, भेळवाल्याच्या पातेल्याचा खणखणाट. बाईंनी पर्समधून जुनं वर्तमानपत्र काढलं, माळ्यावर पसरलं, हेल्मेट उशाला घेतलं आणि सरळ आडव्या झाल्या.

"या, तुम्हीही पडा."

मी नोकरीसाठी अमरावतीहून आलेली. दिवसभर जागा बघून पाय दुखत होते. अवघडून त्यांच्या शेजारी आडवी झाले.

"सकाळी सगळ्याच जागा गुणी असतात," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "म्हणून मी सकाळी दाखवतच नाही. या गोंगाटात झोप येईलसं वाटलं तर घ्या. नाहीतर वारजेला शांत फ्लॅट आहे. तिथे स्वतःचाच कंटाळा येतो."

अजून दोन जागा बघून मग ठरवू, असं मी त्यांना सांगणार होते. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. खालचे हॉर्न थांबले होते, साडेनऊ वाजून गेले होते आणि भेळवाला गाडी आवरत होता.

"उठा," वर्तमानपत्राची घडी घालत त्या म्हणाल्या. "ठरलं तुमचं."