चाड्यावरची पहिली मूठ

आम्ही वस्ती सोडली त्या सकाळी, सामान टेम्पोत चढवून झाल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेरणीची पाभर जुंपली. जमीन कारखान्यांसाठी गेलेली. मोजणीवाला म्हणाला, आता कशाला पेरताय, बुलडोझर येणार आहे. नाना म्हणाले, "येऊ दे. उभ्या पिकावर येईल."

त्या उजाड माळावर पहिलं घर माझ्या पणजोबांनी बांधलं, पहिली विहीर त्यांनीच खणली. म्हणून चाड्यावरची, म्हणजे पाभरीवरच्या बी सोडायच्या वाटीतली, पहिली मूठ आमची. आमच्या घरचं बी पाभरीतून मातीत पडल्याशिवाय वस्तीत कुणी पेरत नसे. पाऊस कितीही चांगला होवो, लोक थांबत. पुढे त्याच माळावर गाड्यांचे सुटे भाग बनू लागले आणि मी जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांची दारं डिझाइन करायला आले. यावरून कुणाला टोमणे मारायचे तर खुशाल मारा, मला लाज वाटत नाही.

वस्ती पांगली तरी नाना दर जूनला कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या पट्टीत मूठ धरायचे. यंदा अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. मूठ आता कोण धरणार, असं निघालं तेव्हा चुलते म्हणाले, "गाव नाही, रान नाही, मान कसला? आणि लेक तर परक्या घरची." नानांनी हे मला फोनवर सांगितलं. मी भडकले.

इथे आमचा भाड्याचा क्लाइनगार्टन आहे, बागेचा छोटा तुकडा. तिथे मी बाजरी पेरायला घेतली. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, हे तर पक्ष्यांचं खाद्य, नियमात भाजीपाला बसतो. "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं, आमच्याकडेही आधी पक्षीच खातात. माझ्या लेकीने जर्मनमध्ये विचारलं, हे कशासाठी? मी मराठीत सांगितलं आणि तिची मूठ बियांनी भरली. पाभर कुठून आणणार, खुरप्यानेच ओळ ओढली.

मग फोन केला. "नाना, मूठ धरली."

ते जड जिभेने म्हणाले, "थांब, बाकीच्यांना सांगतो."

संध्याकाळपर्यंत वस्तीच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. मोशीच्या गच्चीवरचा टब, हडपसरच्या गॅलरीतली कुंडी, कुणाचं थर्माकोलचं खोकं. तिकडे पाऊस केव्हाच लागला होता, पण कुणीही पेरलं नव्हतं. सगळे संपली म्हणतात ती वस्ती माझ्यासाठी थांबली होती. माझ्याकरता घर म्हणजे आता एवढंच, आणि ते मला पुरतं.

शेवटचा फोटो चुलत्यांचा. रंगाची रिकामी बादली, मातीने भरलेली. खाली लिहिलं होतं, "उशीर केलास."