सिस्टर, पाणी पाजू का?

मुलुंडच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात प्रेमामावशी एकतीस वर्षं आया होत्या. गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हा वेंगुर्ल्याची ही बाई पदर खोचून इथे कामाला लागली. लादी पुसणं, चादरी बदलणं आणि कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवर हात फिरवणं, एवढंच त्यांचं काम. कागदावर तरी एवढंच.

क्षमा तिथे नर्स म्हणून आली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. चोवीस वर्षांची, हुशार, पुस्तक तोंडपाठ. पण महिन्याभरापूर्वी तिच्या हातून चूक झाली. कळा देणाऱ्या एका बाईला तिने घाईघाईने जोर लावायला सांगितलं. पिशवीचं तोंड अजून पुरतं उघडलंच नव्हतं. प्रेमामावशींनी तेव्हा दोनदा विचारलं होतं, "सिस्टर, पाणी पाजू का हिला?"

"मावशी, इथे काय चाललंय आणि तुम्हाला पाण्याचं काय पडलंय? लुडबुड नका करू ना."

बाई दमून गेली, पिशवीच्या तोंडाला सूज आली, शेवटी मोठ्या हॉस्पिटलात पाठवून सिझेरियन करावं लागलं. आई आणि मूल दोघं सुखरूप घरी गेली. क्षमाचा हात मात्र तेव्हापासून थरथरायला लागला. लेबर रूममधून लसीकरणात बदली मिळावी, असा अर्ज तिने लिहिला आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. डॉक्टर शर्मिष्ठांकडे सोमवारी द्यायचा, असं ठरवलं. त्याच सोमवारी प्रेमामावशी निवृत्त होणार होत्या.

बुधवारी चहाच्या वेळी तिने मावशींना सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"माफी कसली गो?" मावशी बशीत चहा ओतत म्हणाल्या. "पेशंटसमोर सिस्टर चुकली म्हणायचं नाही, ही माझी रीत. तिचा तुझ्यावरचा भरवसा गेला की ती घाबरते, अंग आवळून धरते. मग मी पाण्याचं विचारते. जुन्या सिस्टरांना ठाऊक होतं, मावशीने पाणी काढलं म्हणजे जरा थांबायचं. तुला कोणी सांगितलं नाही, ती आमची चूक."

"मग मी जाऊ नको म्हणता?"

"मी कुठे म्हटलं? खुशाल जा. अर्ज सोमवारी ना? मग तोवर काम कर."

शुक्रवारी सकाळी मधुवंती नावाची मुलगी दाखल झाली. पहिलटकरीण. सासूने तिची घट्ट वेणी घालून पाठवली होती. मावशींनी आल्याआल्या ती सोडली, केसातले चाप काढले, मनगटाला बांधलेल्या दोऱ्याची गाठही सोडली. त्यांच्या गावात बाळंतिणीच्या अंगावर गाठ ठेवत नाहीत. ते शास्त्र की समजूत, हे क्षमाने कधी विचारलं नाही. केस मोकळे झाल्यावर मुलीचे खांदे सैल पडले, एवढं मात्र तिने पाहिलं.

साडेअकराला मधुवंती ओरडायला लागली. "सिस्टर, मला नाही जमत. मी जोर लावते."

क्षमाने तपासलं. अजून अवकाश होता. डॉक्टर शेजारच्या खोलीत पेशंट तपासत होत्या. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, "झालं का हो?" सांगून टाकावं जोर लाव म्हणून, एकदाचं सुटू या, असं तिच्या ओठावर आलं.

पलंगाच्या पायथ्याशी मावशी चादर सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सिस्टर, पाणी पाजू का?"

"द्या इकडे. मी पाजते."

क्षमाने स्टूल ओढलं आणि मधुवंतीच्या उशाशी बसली. घोटभर पाणी पाजलं. "माझ्याकडे बघ. तोंडाने फुंकर मार, चहा गार करतेस तशी. जोर कधी लावायचा ते मी सांगते." पाऊण तास ती तिथेच होती. कळ आली की हात धरायचा, गेली की पाणी. अधूनमधून तपासायचं. मावशी आपली लादी पुसत राहिल्या. मग वेळ झाली, क्षमाने डॉक्टरांना हाक मारली आणि मधुवंतीला म्हणाली, "आता."

मुलगी झाली. सहा पौंडांची, आवाज खणखणीत. नाळेला चिमटा लावताना आपला हात स्थिर आहे, हे क्षमाच्या लक्षातही आलं नाही. ते मावशींच्या लक्षात आलं असावं, कारण बादली उचलून जाताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

सोमवारी वडापाव, पेढे आणि एक पैठणी असा निरोप समारंभ झाला. डॉक्टर शर्मिष्ठा बोलायला उभ्या राहिल्या. "इंग्रजीत मिडवाइफ म्हणतात सुइणीला. खूप जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच, बाईच्या सोबत असणारी. पुढे लोक तो शब्द इतरही ठिकाणी वापरायला लागले. कोणाच्या हातून काही नवं घडत असेल आणि कोणी त्याला सांभाळून बाहेर आणलं, तर त्यालाही मिडवाइफ म्हणतात. मावशींच्या नावावर एकही डिलिव्हरी नोंदलेली नाही. पण इथल्या किती नर्सेस त्यांच्या हाताखालून बाहेर पडल्या, त्यात मीसुद्धा आले. डॉक्टर असून."

"माका काय कळता इंग्रजी," मावशी शेजारच्या आयाला म्हणाल्या. "मी पाणी पाजलंय फक्त."

सगळे हसले. क्षमा मात्र मावशींकडेच बघत होती. जन्म देताना आईजवळ बसतात, हे तिला शिकवलं होतं. आपल्याजवळही कोणी तसंच बसलं होतं, हे तिला आता कळत होतं. एकदाही न ओढता, न ढकलता.

पैठणीची पिशवी काखेत धरून मावशी फाटकापाशी थांबल्या. "काय गो, सोमवार आला. अर्ज दिलास?"

"ॲप्रनबरोबर धुवायला गेला, मावशी. लगदा झाला त्याचा."

"दुसरा लिही मग. हात मोडलाय?"

"नाही लिहिणार." क्षमाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मावशींनी तिला दंडाला धरून उठवलं.

"पुरे. आत जा. तीन नंबरवालीच्या कळा वाढल्यात, मघाशी बघितलं मी. आणि वेणी सोड तिची आधी."