कासवांचं बेट

सिरोंच्याच्या अलीकडे, प्राणहितेच्या काठी मी जंगल खात्यात नाकेदार होतो. हा काठ आमच्या राज्यातला, पलीकडचा हैदराबाद राज्यातला. पात्राच्या मधोमध रेतीचं बेट होतं. ऊन तापायच्या आधी कासवं तिथं अंडी घालत. पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत बेटावर कुणी पाय ठेवायचा नाही, असं दोन्ही काठांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी आपसात ठरवलं होतं. कागद नव्हता, सरकारांना पत्ताही नव्हता. पलीकडून एक म्हातारी ढिवरीण नजर ठेवी. अलीकडची राखण तिनं माझ्यावर सोपवली होती. माझ्या खाकीवर तिचा विश्वास होता.

एका वर्षी मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते. त्यांना कासवाची अंडी आवडतात, असं आमचे रेंजर बोलता बोलता सांगून गेले. आण, असं काही ते म्हणाले नाहीत. अहेरीला बदली मलाच हवी होती. भर दुपारी दोन्ही काठ ओस असताना मी डोंग्यातून बेटावर गेलो आणि हातांनी रेती उकरली. अंडी गोल होती, कोमट होती. टोपलीभर आणली. साहेबांनी दोन खाल्ली. उरलेली बंगल्यावरच्या कुत्र्यांना घातली.

तिसऱ्या दिवशी म्हातारी नाक्यावर आली. तिला कळलं, असंच मला वाटलं. पण ती हात जोडून उभी राहिली.

"भाऊ, आमच्याकडच्यानं बेट उकरलं. तुमी इतकी राखण केली, अन् आमीच तोंड काळं केलं. मले माफी द्या."

संशय तिच्या जावयावर होता. मागं एकदा त्यानं तसं केलं होतं. तो नाही म्हणत होता, तरी पंचांनी त्याचं जाळं काढून घेतलं होतं.

मी म्हणालो, "ठीक आहे बाई. पुढं असं होऊ देऊ नका."

जाळ्याविना जावई काय करणार? बायकोला घेऊन तो कोळशाच्या खाणीवर गेला. माझी बदली झाली. निघण्याआधी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी नदी ओलांडली. म्हातारी एकटीच होती. तिनं बसायला दिलं, पाणी दिलं, लेकीचा निरोप नाही म्हणाली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, की बदली झाली, भेटायला आलो. तिनं वाटेसाठी सुक्या मासळीची पुरचुंडी हातात ठेवली. मी ती घेतली.