मान आणि पाठमोरा वाटा

उरणकडे नवं बंदर झालं आणि पनवेलच्या आमच्या मालवाहतूक कचेरीत परदेशी पत्रं वाढली. फ्रेंचची परीक्षा जो पास होईल, त्याला त्या पत्रांचं टेबल मिळणार होतं. मला ते हवं होतं. सकाळी डबे, संध्याकाळी वर्ग, एस.टी.त क्रियापदं, असा क्रम लावला आणि मोडला नाही.

लेखी पार पडली. तोंडीला एका शब्दावर बोलायचं होतं. मी ‘ओनेत’ निवडला, म्हणजे प्रामाणिक. मुद्दे आयते होते. लॅटिनमध्ये ‘होनोस’ म्हणजे मान. त्यावरून ‘होनेस्तुस’, लोक ज्याला मान देतात तो. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश शब्द तिथूनच आले.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे सगळं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ऐकवलं. ती खाडीकाठच्या गव्हाणची.

“चार लोकांनी सलाम ठोकला की मानूस प्रामानिक? मंग आपले सायेब लयच प्रामानिक!”

“हळू बोल. हे लॅटिनवाल्यांनी ठरवलंय, मी नाही.”

“आमी मान बघत नाय, ताई. पाठ बघतो.”

तिने डब्याच्या झाकणावर तळलेल्या बोंबलांचे दोन वाटे केले आणि मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. गावात मासळी अशीच वाटतात म्हणे. एकजण वाट्यावर बोट ठेवून ‘हा कोणाचा?’ विचारतो, पाठमोरा उभा असलेला दुसरा न बघता नाव सांगतो. आपल्याला कुठला येणार हे वाटे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो सारखेच करतो.

“ह्यो कोनाचा?”

“तुझा.”

“ग्येला तुमचा मोठा बोंबील! आता गप जेवा.”

दुसऱ्या दिवशी मी माझे मुद्दे धडाधड म्हटले. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, “आणि मान द्यायला कोणीच नसेल तर?”

याची तयारी नव्हती. फ्रेंचही अपुरं पडत होतं. पण टेबल सोडायचं नव्हतं. मी उठले, फळ्याजवळचे खडूचे तुकडे घेतले, त्यांच्यासमोर दोन वाटे मांडले आणि पाठ फिरवली. मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, बोट ठेवा आणि ‘हा कोणाचा?’ विचारा; कुठला कोणाला जाईल हे मलाही ठाऊक नाही, म्हणून वाटे सारखे केलेत.

मागे खुर्ची सरकली. मग मागून फ्रेंचमध्ये प्रश्न आला, “हा कोणाचा?”

“तुमचा,” मी म्हटलं. बाई हसल्या.

टेबल मिळालं. पहिल्याच दुपारी मैत्रीण डबा घेऊन माझ्या नव्या खुर्चीपाशी आली.

“मान तर भेटला. प्रामानिक हाव की नाय, ते आता बघू. करा वाटे.”

आणि तिने पाठ फिरवली.