मास्तरांचं उरलेलं पोट

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर गाडीत बसले की गाडी त्यांच्या बाजूला कलायची. वजन एकशे एकतीस किलो. "सर, गाडी एका बाजूला ओढतेय," असं एखादा शिकाऊ म्हणाला, की मास्तर शांतपणे म्हणायचे, "गाडी नाही ओढत, तुमचं लक्ष ओढतंय."

वीस वर्षांत मास्तरांनी सहा वेळा वजन घटवलं होतं आणि सात वेळा वाढवलं होतं. कोमट पाणी झालं, उपास झाले, टीव्हीवर बघून मागवलेला पट्टाही झाला. पट्टा दुसऱ्याच दिवशी तुटला. कंपनीने पैसे परत दिले आणि वर माफीही मागितली.

मग एक दिवस एका निवृत्त मुख्याध्यापिकेला शिकवत असताना बाईंनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण पाय आणि ब्रेक यांच्यामध्ये पोट होतं. पाय वर येईपर्यंत गाडी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर चढली. कुणाला खरचटलंही नाही. बाईंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "मास्तर, एक ब्रेक तुमच्याकडेही होता ना?"

त्या रात्री मास्तरांनी हे सगळं बायकोला सांगितलं.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती म्हणाली, "लोकांच्या शुगरचे आकडे मी रोज टाइप करते. तुमचा आला की आधी वाटतं, चुकून एक आकडा जास्त पडला. अहो, आता डॉक्टरांकडे चला."

सर्जन काडीसारखा बारीक होता, त्यामुळे मास्तरांना तो पहिल्या भेटीतच आवडला नाही. त्याने कागदावर दोन पोटं काढली. "एका ऑपरेशनमध्ये पोटाचा बराचसा भाग काढून टाकतो, उरतं ते नळीसारखं. दुसऱ्यात पोटाची छोटी पिशवी करतो आणि आतडं तिला जोडतो. तुम्हाला डायबेटिस आहे, अ‍ॅसिडिटी जुनी आहे. माझ्या मते तुम्हाला दुसरं बरं."

"आणि नंतर गोड खाल्लं तर?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुसऱ्यात बऱ्याच जणांना त्रास होतो. घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते."

"मग पहिलंच करू. उगाच आतड्याला कशाला हात लावायचा?"

बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं. घरातल्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा कोणत्या कप्प्यात, कशामागे असतो हे तिला पाठ होतं. पण माणूस ऑपरेशनला तयार झाला हेच खूप, म्हणून तिने मूग गिळले. सर्जनने पुन्हा एकदा समजावलं, अ‍ॅसिडिटी वाढू शकते म्हणून बजावलं, आणि जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, आधी प्रोटीन, दरवर्षी तपासणी असं सगळं सांगितलं. "आरशात बघत जा" म्हटल्यावर शिकाऊ डोलावतात तशी मास्तरांनी मान डोलावली.

पहिलंच ऑपरेशन झालं आणि वर्षभरात मास्तर अठ्ठ्याऐंशी किलोंवर आले. शुगर उतरली. शर्ट आत खोचू लागले. इथवर सगळं ठीक होतं, पण मग ते बोलू लागले. साडूच्या घरी जेवायला गेले की त्याच्या ताटाकडे बघून म्हणायचे, "इच्छाशक्ती लागते, साडूभाऊ." वास्तविक ऑपरेशन झालं तेव्हा मास्तरांची इच्छाशक्ती दोन तास भूल देऊन झोपवलेली होती. साडू बिचारा हातातला घास ठेवून द्यायचा आणि ते गेल्यावर दुप्पट खायचा.

तपासणीला जाणं त्यांनी बंद केलं. गाडी चालतेय तर गॅरेजला कशाला न्यायची, असा हिशेब. गोळ्या आधी एक दिवसाआड झाल्या, मग आठवण येईल तेव्हा.

अर्धी वाटी जेवलं की पोट तटकन भरायचं, पण आइस्क्रीम मात्र विरघळत खाली उतरायचं, कुठे अडायचंच नाही. लायसन्सच्या परीक्षेच्या मैदानासमोरच दुकान होतं. दोन शिकाऊंच्या मध्ये एक कप, मग प्रत्येक शिकाऊमागे एक. आइस्क्रीम हा द्रवपदार्थ आहे आणि डॉक्टरांनीच भरपूर द्रवपदार्थ घ्यायला सांगितलंय, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

तिसऱ्या वर्षी काटा एकशे नऊवर गेला. रोज घशाशी जळजळ. मास्तर तणतणत सर्जनकडे गेले. "तुमची शिवण उसवलेली दिसतेय."

सर्जनने आत नळी घालून तपासलं. "शिवण पक्की आहे. पोट ठेवलं होतं तसंच आहे. अ‍ॅसिडिटीसाठी गोळ्या देतो. पुन्हा ऑपरेशनचं नंतर बघू, आधी सहा महिने आहारतज्ज्ञ बाईंकडे जा."

बाई वयाने लहान आणि आवाजाने मऊ होत्या. त्यांनी आठवडाभर खाल्लेलं लिहून आणायला सांगितलं. मास्तरांनी वही आणली ती एखाद्या साधूची शोभावी अशी: उकडलेलं अंडं, सूप, ताक.

बाईंनी ती वाचली. "शिकाऊ माणूस आरशात न बघता 'बघितलं सर' म्हणतो, तेव्हा तुम्हाला कसं कळतं?"

"मान हललेली नसते."

"तुमचाही काटा हललेला नाही."

मास्तरांनी वही परत आपल्याकडे ओढली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी सोमवारसमोर लिहिलं, आइस्क्रीम, चार कप. मंगळवारी पाच. गुरुवारपर्यंत येताना त्यांचे कान लाल झाले होते. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता आपल्याला काम करता येईल." रागावल्या असत्या तर मास्तरांना जास्त बरं वाटलं असतं.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. मास्तर मैदानापर्यंत चालत जाऊ लागले, तेही दुकान नसलेल्या रस्त्याने. गोळ्यांचा डबा बायकोने टूथब्रशशेजारी ठेवला. महिन्यातून एकदा ऑपरेशन झालेल्यांची बैठक भरते. तिथे मास्तर आधी उपदेश करायला गेले होते. पहिल्याच दिवशी एका शिंपिणीने विचारलं, "तुमचं किती परत आलं?" तेव्हापासून ते ऐकायला जातात.

आता सातवं वर्ष आहे. वजन त्र्याण्णव ते पंच्याण्णवच्या मध्ये खालीवर होतं. दर सोमवारी ते काट्यावर उभे राहतात आणि आकडा बायकोला मोठ्याने सांगतात, कारण मनातल्या मनात वाचलं की तो दोन किलोंनी कमी होतो. सर्जन याला यश म्हणतो. मास्तर याला जन्मठेप म्हणतात, पण हजेरी एकदाही चुकवलेली नाही.